बॉनेट गार असतानाच गाडी बघा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : वाहन

या वेळचे बहुतेक प्रश्न जुन्या गाडीच्या इंजिनाचे आहेत. मॉडेलचं नाव चांगलं म्हणजे समोर उभी असलेली गाडीही चांगली, असं धरून बरेच जण बोलणी करतात. आम्ही नावापेक्षा त्या एका गाडीच्या तेलपाण्याकडे जास्त बघतो. उत्तरं त्याच नजरेने दिली आहेत.

प्रश्न : २०१५ ची स्विफ्ट डिझेल बघतोय. एमएच-१२ पासिंग, १,१८,००० किलोमीटर, दोन मालक. विकणारा म्हणतो, इंजिनला पाना लागलेला नाही. आमचा मिस्त्री म्हणतो, या इंजिनाची चेन वाजते, नाद सोडा. नेमकं काय बघू?
वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : १२४८ सीसीचं, म्हणजे १.३ लिटरचं, हे इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीने ते परवान्याने बनवून स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा अशा गाड्यांत बसवलं. टाटाच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्येही तेच. एप्रिल २०२० ला धुराचे कडक नियम, म्हणजे बीएस-६, आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तरी रस्त्यावर ही इंजिनं इतकी आहेत की सामान आणि हात बसलेला मिस्त्री, दोन्ही सोलापुरात मिळतं.

मिस्त्री खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतायत. या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला, चेन आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. ऑइल वेळेवर बदललं नाही की ते घट्ट होतं, त्यात काजळी साठते, टेन्शनरपर्यंत दाब उशिरा पोचतो. तेवढा वेळ सैल चेन गाइडवर आपटते. असं रोज सकाळी होत राहिलं की कड्यांच्या पिना झिजून चेन लांबते, आणि एखाद्या दिवशी दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. त्यामुळे आधी चेन ऐका, आणि मग ऑइलचा इतिहास काढा.

सकाळी जा. आदल्या दिवशी सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर पहिला हात बॉनेटवर, दुसरा रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. कोमट लागला तर वाद न घालता दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. गरम इंजिन निम्मे आजार लपवतं.

इंजिन बंद असतानाच डिपस्टिक ओढा. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यामुळे काळ्या रंगाला घाबरू नका. चिमटीत चोळा. कचकच लागली किंवा डिझेलचा वास आला तर मनात टाचून ठेवा. मग ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. पातळ काळा थर चालतो. बोटाने खरवडावा लागणारा डांबरासारखा थर म्हणजे ऑइल बदलायला कायम उशीर झालेला आहे. दुधाळ, कॉफीच्या रंगाचा चिकट थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यामुळे झाकणाला थोडी साय येते. तीच साय डिपस्टिकवरही दिसली तर सरळ निघा.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही अल्टरनेटरचा पट्टा असतो त्या बाजूला उभे राहा. चेन तिथेच, कव्हरच्या आत आहे. सुरू झाल्यावर क्षणभर खडखड होऊन थांबली तर ऑइल वर चढायला लागलेला तो वेळ. तीन सेकंदांच्या पुढे गेली, किंवा इंजिन २००० आरपीएमला नेऊन रेस सोडल्यावर उतरत्या आवाजात पुन्हा ऐकू आली, तर चेन लांबलेली आहे असं धरा. मोबाइलवर हा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तासाभराने गरम इंजिनाचा आवाज त्याच जागी उभं राहून पुन्हा घ्या आणि दोन्ही लागोपाठ ऐका. फरक आपोआप कळतो.

धुराचं थोडक्यात. सुरू होताना पांढरा येऊन अर्ध्या मिनिटात गेला, तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लगकडे (सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या कांडीकडे) बोट जातं. पांढरा टिकला आणि गोडसर वास आला, तर कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पूर्ण रेस दिल्यावर काळा भपका येत असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), हवेची गळती किंवा इंजेक्टर. या वयाच्या १.३ मध्ये ईजीआर कार्बनने भरलेला असणं नेहमीचं आहे. साफ होतो, त्यावरून गाडी सोडू नका.

इंजिन गरम झालं की आयडलिंगवर ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. डिझेलमध्ये थोडी फुंकर येतेच, झाकण हलकं थरथरतं. झाकण उडून पडत असेल किंवा तोंडातून धुराचे ठोके येत असतील, तर पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली उतरतोय आणि खर्च इंजिनकामाचा आहे. मग इंजिन बंद करून टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून) इंटरकूलरला (ती हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा पाइप सोडवा. आत ऑइलचा ओशट थर असतोच, पण वाटीभर ऑइल ओघळलं तर टर्बोचं सील गेलेलं आहे. हात पोचत असेल तर टर्बोचं पातं हलवून बघा. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे अजिबात नको.

एवढं पार पडलं तर तुळजापूरकडे निघा. गावातली चक्कर कामाची नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर १५०० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या. या इंजिनाचा टर्बो २००० च्या आसपास उठतो, त्याआधी ते सुस्तच असतं. नवीन होतं तेव्हाही होतं. २००० नंतरही ओढ लागली नाही, किंवा मधेच दम तुटला, तर टर्बोचे पाइप, अॅक्च्युएटर किंवा डिझेलचा दाब तपासायला हवा. जाताना मोबाइलला जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावा. आयडलिंगला रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण २५० ते ३५० बार दिसेल. आकड्यापेक्षा ‘हवा तेवढा’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन दाब एकमेकांना धरून चालतात का ते महत्त्वाचं. स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असाही एक आकडा असतो. तो दहा-वीस किलोमीटर निघाला, तर कालच कुणीतरी इंजिनचा दिवा विझवून आणलाय.

शेवटी कागद. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसच्या नोंदी निघतात. मालकाला सोबत नेऊन त्या काढा. कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल. म्हणजे १,१८,००० ला किमान अकरा वेळा बदललेलं असायला हवं. नोंदी आणि बाहेरच्या गॅरेजची बिलं मिळून नऊ-दहा निघाली आणि चेन शांत असेल, तर गाडी घ्या. पाचच निघाली तर चेन आज शांत असली तरी घेऊ नका. नोंदी चांगल्या आहेत पण चेन वाजते, अशा गाडीत चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट असा पूर्ण संच आणि मजुरी किमतीतून वजा करून बोला. नुसती चेन बदलून देतो म्हणाले तर नको म्हणा; झिजलेल्या दातांवर नवी चेन फार टिकत नाही.

प्रश्न : बघायला गेलो तेव्हा इंजिन आरशासारखं चमकत होतं. शंका घ्यावी का?
वाचक, अशोक चौक

उत्तर : घ्यावी, पण गाडी सोडण्याइतकी नाही. विकायच्या आधी लोक धुतात, पॉलिश मारतात. अडचण एवढीच की त्यात गळतीच्या खुणा जातात. ३०-४० किलोमीटर चालवून या, इंजिनखाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि चहा पिऊन या. मग टॉर्चने टॅपेट कव्हरची कड, फ्रंट कव्हर, ऑइल फिल्टरचं बूड आणि गिअरबॉक्सचा सांधा बघा. नुकती धुतलेली गळती याच चार जागी पहिल्यांदा ओली होते. ऑइलही कालच बदललेलं दिसलं तर त्याचं बिल मागा आणि ग्रेड वाचा. सांगितलेल्या ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० भरलं असेल, तर आवाज किंवा धूर दाबायला घट्ट ऑइल घातल्याची शक्यता मोठी.

प्रश्न : २०२१ ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, निवृत्त गृहस्थांची, फक्त २२,००० किलोमीटर. घर ते बाजार एवढीच फिरली आहे. इंजिन नवंच म्हणायचं ना? किंमतही त्यामुळे चढी आहे.
वाचक, होटगी रोड

उत्तर : पेट्रोल असती तर बहुतेक हो म्हटलं असतं. बीएस-६ डिझेलसाठी मात्र ‘घर ते बाजार’ ही सगळ्यात वाईट चाल आहे.

या गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी धरून ठेवते आणि ठरावीक भरली की इंजिन जादा डिझेल सोडून जाळीचं तापमान ५५०-६०० अंशांच्या घरात नेतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला सलग दहा-वीस मिनिटं चांगल्या वेगाने गाडी चालावी लागते. सात रस्त्यावरून नवी पेठ आणि परत घर, यात इंजिन नीट तापायच्या आत चावी बंद होते. अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनचं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बेअरिंगला आणि क्रँकच्या बेअरिंगला आधार कमी पडतो.

म्हणून या गाडीत ऑइल कमी झालंय का, यापेक्षा वाढलंय का ते बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर उत्तर मिळालं. दुसरी खूण सायलेन्सरच्या टोकाला. पांढरं फडकं आत फिरवा. चालू डीपीएफ असलेल्या गाडीचं नळकांडं जवळपास स्वच्छ असतं. फडकं काळंकुट्ट झालं तर जाळी फुटलेली आहे किंवा कुणीतरी ती पोकळ करून सॉफ्टवेअर बदललंय. दुसरी शक्यता असेल तर गाडीच्या जवळही जाऊ नका. वॉरंटी, पीयूसी, पुढची विक्री सगळं अडकतं.

कंपनीच्या स्कॅनरवर तीन आकडे काढून मागा : काजळी किती टक्के भरली आहे, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि अर्धवट राहिलेली किती. त्यानंतर पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत चौथ्या-पाचव्या गिअरवर आरपीएम २००० च्या वर ठेवून जाऊन या आणि काजळीचा आकडा पुन्हा बघा. उतरला तर जाळी जिवंत आहे. राख वेगळी, ती जळत नाही. पण ती साठायला २२,००० किलोमीटर फारच कमी, त्यामुळे ती चिंता इथं नको.

आकडे बरे निघाले तर घ्या, आल्याआल्या ऑइल-फिल्टर बदला आणि पुस्तिकेत सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच, बहुधा एसीईए सी२ किंवा सी३, घाला. मात्र तुमचंही फिरणं गावातल्या गावात असेल तर हीच गाडी पेट्रोलमध्ये शोधा. आठवड्यातून एकदा तुळजापूर किंवा पंढरपूर होत असेल तर डिझेल चालेल. कमी किलोमीटरसाठी चढी किंमत मात्र अजिबात देऊ नका.

प्रश्न : भाविकांच्या भाड्यासाठी २०१३ ची इनोव्हा २.५ घ्यायची आहे. २,८०,००० किलोमीटर. ‘इनोव्हा मरत नाही’ असं सगळे म्हणतात.
वाचक, पंढरपूर

उत्तर : चांगली राखलेली दूर जाते, एवढं खरं. पण २.५ डी-४डी इंजिनात टायमिंगला चेन नसून रबरी बेल्ट आहे. नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ ला चेन आली, त्यामुळे अनेकांचा घोळ होतो. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, आणि तो आधी वाजून इशारा देत नाही. २,८०,००० ला बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर बदललेलाच नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर किमतीतून काढा, आणि गाडी ताब्यात आली की पहिल्या भाड्याआधी ते काम करा. ‘मागच्या मालकाने केलंय’ याला बिल म्हणत नाहीत. डस्टरचं १.५ डीसीआय किंवा पोलोचं १.५ टीडीआय बघणाऱ्यांनाही हेच लागू. ती दोन्हीही बेल्टचीच.

दुसरी जागा इंजेक्टरच्या बुडाशी. तिथे तांब्याचं वॉशर असतं. ते बसलं नाही की ज्वलनाचा गॅस वर फुंकतो आणि ‘चफ-चफ’ आवाज येतो, सेल्फ मारल्यावर लगेच, थंड इंजिनावर स्पष्ट. हा गॅस ऑइलला कोळशासारखं करतो. ते तुकडे खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतात, ऑइलचा दाब पडतो आणि मग बेअरिंग जातात. इंजिन मोठं म्हणून हे सोसत राहतं आणि मालकाला वाटतं ‘आवाज आहे, पण चालतेय की’. टॅपेट कव्हर उघडून इंजेक्टरभोवती काळा, टणक कोळसा दिसतो का, तेवढं बघून द्या म्हणून मिस्त्रीला सांगा. कोळसा सापडला तर चेंबर उतरवून जाळी बघितल्याशिवाय सौदा नको.

मीटरवरचा आकडा भाड्याच्या गाडीत धरूच नका. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, क्लच पेडलचं रबर आणि गिअरच्या मुठीवरचे आकडे जास्त खरं बोलतात.

प्रश्न : पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून सीएनजी किट बसवलेली, ९०,००० किलोमीटर. मायलेजसाठीच घ्यायची आहे. इंजिनावर परिणाम होतो म्हणतात तो कितपत खरा?
वाचक, बार्शी

उत्तर : खरा आहे, आणि तो मोजता येतो.

पेट्रोल थेंबाच्या रूपात आत येतं, व्हॉल्व्हच्या पाठीला आणि सीटला थोडा गारवा देतं. सीएनजी कोरडा. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू बसते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधली फट कमी होते. कारखान्यातूनच सीएनजी बसवलेल्या गाड्यांत सीट आणि व्हॉल्व्ह त्या हिशोबाने दिलेले असतात. बाहेरच्या किटमध्ये इंजिन मूळचंच राहतं. टॅपेट हायड्रॉलिक नसतील तर ती फट आपोआप भरून निघत नाही; शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. लक्षण असं की सकाळी गार असताना मिस मारते, गरम झाली की बरी होते. विकणारा ‘प्लग बदला, होईल’ म्हणतो. प्लगने होत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि गॅस दोन्ही तोडलेले, रेसचं पेडल पूर्ण दाबलेलं; प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ किलो दाब मिळतो. सगळे सारखेच थोडे कमी असतील तर वय समजा. एकच सिलिंडर दोन किलोने मागे असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. इथे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह निघतो. ही टेस्ट टाळणारा मिस्त्री भेटला तर मिस्त्री बदला.

त्यानंतर पाच-सात किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा. वर्षानुवर्षं गॅसवरच पळवलेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेले असतात, आणि टाकी कोरडी ठेवल्यामुळे टाकीतला पंप मेलेला असतो. पंपाला गारवा पेट्रोलचाच. कागदांत आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली हवी. आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा भांडतो, मग वाचवलेलं मायलेज कुठे जातं ते विचारू नका.

प्रश्न : गाडी चांगली आहे, पण मालकाने स्वतःच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी गरम होऊन हेड गास्किट गेलं होतं. घ्यावी का?
वाचक, अक्कलकोट

उत्तर : आपण होऊन सांगणारा मालक दुर्मीळ, त्याचं बिल नीट वाचा. त्यात गास्किटसोबत हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), हेडची प्रेशर टेस्ट, नवे हेड बोल्ट आणि गाडी गरम का झाली त्याचा इलाज, म्हणजे वॉटर पंप, रेडिएटर किंवा फॅन मोटर, असं असेल तर काम पुरं झालंय. फक्त ‘गास्किट आणि मजुरी’ लिहिलं असेल तर आजार आतच आहे. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. सपाटीतला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा फरकही छोट्या इंजिनाला खुपतो. फेसिंगशिवाय बसवलेलं नवं गास्किट फार टिकत नाही.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायचा. काटा खाली राहतो, मालक खूश. पण हायवेला इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल-पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर झिजतात, आणि मूळ कारण झाकलं जातं. स्कॅनर लावून ८० च्या वेगाने पंधरा मिनिटं जा. कूलंट ८५-९५ अंशांवर स्थिर हवं. ६५-७० वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट गायब आहे किंवा उघडा अडकलाय.

उलट तपासणी दुपारी करा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो, ही फुकटची टेस्ट बेंच आहे. बारा ते तीनच्या दरम्यान एसी पूर्ण लावून गाडी वीस मिनिटं उभी चालवा. फॅन लागतो, तापमान उतरतं, फॅन थांबतो, हे चक्र तीन-चार वेळा नीट व्हायला हवं. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, किंवा टाकीत सतत बुडबुडे आले, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात जातोय. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर असतो : कूलंटच्या टाकीवर धरलेला निळा द्रव पिवळा पडला की निकाल लागला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

टाकीत गंजाचं पाणी आणि कडेला पांढरी पुटं दिसली तर बोअरचं पाणी भरत आलेले आहेत. रेडिएटरच्या बारीक नळ्या त्या क्षाराने बुजतात. पुढे तुम्ही कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवा.

प्रश्न : २०११ ची पेट्रोल गाडी स्वस्तात मिळतेय. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने इंजिन खराब होईल का?
वाचक, मोहोळ

उत्तर : साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणं अवघड, तरी सांगतो. इंजिनाचं लोखंड खराब होण्यापेक्षा रबर आणि सील यांचा प्रश्न मोठा. ई-२० ला टिकणारं सामान नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आलं. २०११ च्या गाडीचे पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. इंधनाचे रबरी पाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि टाकीच्या पंपाचं सील फुगलं किंवा तडकलंय का ते बघून घ्या, आणि वय बघता पाइप बदलूनच टाका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच. ही गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते बुडाला बसतं.

प्रश्न : कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या गाड्या इथे स्वस्त मिळतायत. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?
वाचक, विजापूर रोड

उत्तर : तिकडे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर झाले. पण पत्ता बघून निर्धास्त होऊ नका. सप्टेंबर २०२५ ला सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यातही गावं पाण्यात होती.

उभी असताना बुडालेली गाडी आणि पाण्यात चालवलेली गाडी वेगळी. पहिलीत वायरिंग आणि सेन्सर जातात. दुसरीत इंजिन हवेच्या वाटेने पाणी पितं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड घेऊनही इंजिन सुरू होतं आणि काही महिने चालतं. मग रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या आतल्या भागावर मातीची रेघ राहते. सीटच्या पायांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, डॅशबोर्डच्या खालचे लोखंडी ब्रॅकेट आणि फ्यूज बॉक्सच्या पिना बघा. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सुकलेला चिखल दिसला तर पाणी कुठपर्यंत पोचलं ते कळलं. मग कॉम्प्रेशन : वाकलेल्या रॉडचा पिस्टन वरपर्यंत जात नाही, त्यामुळे एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा मागे राहतो आणि ऑइल सोडूनही सुधारत नाही. तेव्हा प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून जाड तार सोडून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर असतानाची खोली मोजा. एकाची तार बाकीच्यांपेक्षा मिलिमीटरभरही जास्त खाली गेली, तर टोकन दिलेलं असलं तरी सोडून द्या.